अंगातली दवंडी

सुजलेल्या हातातून बांगडी काढायची तर तेल लावू नये. तेलाने काढणाऱ्याचीच पकड सुटते. हातावर पातळ प्लास्टिकची पिशवी चढवावी, तिच्यावर साबणाचा फेस करावा, अंगठा तळहातात दुमडायला सांगावा आणि बांगडी हळू फिरवत ओढावी. दुखतं. दुखणार नाही असं मी कधी कुणाला सांगितलं नाही. "दुखंल, पण फुटणार न्हाई," एवढंच म्हणायची. आमच्या बायकांना दुखण्याचं भय नसतं, बांगडी फुटण्याचं असतं.

हे माझं काम होतं. नांदेडला सांधेवाताच्या दवाखान्यात मी मावशी होते. म्हणजे फरशी, बेसिन, चादरी, चाकाची खुर्ची, आणि हाताचा एक्स-रे काढायच्या आधी बायकांचे हात मोकळे करणं. त्याआधी लातूरला हाडांच्या दवाखान्यात होते. शिक्षण चौथी. दिवाळी अंकासाठी लिहा म्हणून सांगायला आलेल्या बाई म्हणाल्या, "तुमचे अनुभव लिहा." मी म्हणाले, माझे अनुभव म्हणजे लोकांचे गुडघे आणि मनगटं. त्या म्हणाल्या, चालेल. म्हणून लिहितेय.

पहिल्यांदा एक समज काढून टाका. सांधेवात हा म्हातारपणाचा आजार नव्हे. म्हातारपणी गुडघा झिजतो तो वेगळा. तो दिवसभर राबून संध्याकाळी दुखतो. हा सकाळी दुखतो. माणूस उठतं ते लाकूड होऊन. मूठ वळत नाही, चहाचा कप धरवत नाही, उन्हं वर आली की मग जरा सुटतं. आणि येतो तो बहुतेक बायकांना, तेही भर संसारात. घरचे म्हणतात, "सकाळच्या कामाच्या वक्ताला बरी दुखती, दुपारी कशी चालून फिरून राहिली?" हे वाक्य मी इतक्या सासवांच्या, नवऱ्यांच्या तोंडून ऐकलंय की पेशंट बसायच्या आधी मीच म्हणायचे, "सकाळी दुखतं, दुपारी न्हाई, असंच ना?" बाई माझ्याकडे देव बघितल्यासारखी बघायची. देव कसला, आजाराचा नेमच तसा.

आता आजार काय, ते सांगते. ही दवंडीची गोष्ट माझी नाही, आमच्या डॉक्टरांची. ते चाकूरकडच्या खेड्यातले, मीही तिकडचीच, म्हणून ती मला चटकन बसली. पूर्वी गावात काही झालं की कोतवाल दवंडी द्यायचा. चोर आला म्हणून दवंडी पिटली की माणसं काठ्या घेऊन बाहेर. अंगातही तसंच आहे. जंतू शिरला की अंगातल्या पेशी एकमेकींना निरोप धाडतात. या निरोपांना सायटोकाईन म्हणतात. निरोप पोचला की रक्तातले शिपाई तिथं धावतात. जागा लाल होते, तापते, सुजते. बोटात काटा रुतला की सुजतं ते यामुळेच. सूज म्हणजे तिथं मारामारी चालू आहे. चोर गेला की दवंडी थांबते आणि सूज उतरते.

या आजारात चोर आलेला नसतोच. तरी दवंडी चालू. शिपाई येतात, चोर सापडत नाही, मग घरच्याच माणसांना धरून झोडतात. सांध्याचं अस्तर सुजतं, मग हाडांमधली गादीसारखी कुर्चा खाल्ली जाते, मग हाड. अंगच अंगावर उठतं. का उठतं, ते डॉक्टरांनाही पुरतं ठाऊक नाही. ते तसं सरळ सांगत, हे मला आवडायचं.

औषधांचंही असंच समजून घ्या. दुखण्याची गोळी म्हणजे कानात बोळे, दवंडी चालूच. स्टिरॉइड म्हणजे सगळ्या गावालाच झोपवणं. थोडे दिवस द्यावं लागतं, पण जन्मभर गाव झोपवून कसं चालेल? आठवड्यातून एकदा घ्यायच्या गोळ्या असतात, त्या शिपायांचा जोर कमी करतात, बहुतेकींचं तेवढ्यात भागतं. ज्यांचं भागत नाही त्यांना नवी इंजेक्शनं. ती सगळ्या गावाच्या वाटेला जात नाहीत, एकाच दवंडीवाल्याचं तोंड धरतात. या दवंडीवाल्यांना नावं आहेत. एकाचं टीएनएफ, एकाचं इंटरल्यूकिन सहा, अजून आहेत. कुणाच्या अंगात कुणाचं तोंड धरल्यावर उतार पडेल, हे आधी सांगता येत नाही. एक लागू पडलं नाही तर दुसरं.

हे सगळं ऐकून एक रिटायर गुरुजी म्हणाले होते, "मावशी, पण मला वात होईलच कसा? मी आयुष्यात वांगं खाल्लं नाही." मी म्हणाले, "गुरुजी, वांग्यानं काय केलंय तुमचं? खाल्लं असतं तर निदान चव तरी कळली असती." ते रागावले. पुढच्या खेपेला सांगत होते, भरलं वांगं खाऊन बघितलं, सूज होती तेवढीच आहे.

धर्माबादकडची एक बाई मात्र अजून डोक्यातून जात नाही. बाजारात एक जण पुड्या द्यायचा, जडीबुटी म्हणून. पुडी घेतली की बाई पळायची. तोंड गोल गरगरीत झालं, तर शेजारणी म्हणाल्या, अंगावर आलीस गं. पुडीत स्टिरॉइड होतं. पुडीवाला एक दिवस गाव सोडून गेला आणि ही एकदम आडवी झाली. आमच्याकडे आली तोवर बोटं एका बाजूला कलली होती, वारा लागलेल्या पिकासारखी. तिला औषध लागू पडलं, दुखणं गेलं, बोटं तशीच राहिली. खाल्लेलं हाड परत येत नाही. त्या पुडीवाल्याला मी मनातल्या मनात पुष्कळ शिव्या दिल्यात, त्या इथं लिहिता येत नाहीत.

आता जे सांगायचं म्हणून बसले ते सांगते. शिवकांताचं.

शिवकांता हिमायतनगरकडची, शेतकऱ्याच्या घरची सून. पहिल्यांदा आली तेव्हा सासू सोबत होती, कौसाबाई नावाची. अंगापेराने एवढीशी, पण आवाज असा की पलीकडचा मेडिकलवाला डोकावून बघायचा. शिवकांताच्या हातात हिरव्या काचेच्या बांगड्या घट्ट बसलेल्या, मनगटाच्या सुजेत रुतलेल्या. मी पिशवी आणि साबण घेतला तर कौसाबाई मध्ये आल्या.

"बांगड्या काढायच्या न्हाईत. माझा लेक जिता हाय."

मी म्हणाले, "लेकाला काय होतंय, कौसाबाई? फोटोत काच आली तर हाड दिसत न्हाई."

"मंग नको तुमचा फोटो."

"बरं. मग घरी जाऊन बांगड्यांनाच विचारा काय झालंय ते."

शेवटी तोड निघाली. एका हातातल्या काढायच्या, फोटो झाला की लगेच भरायच्या, मग दुसऱ्या हातातल्या. म्हणजे हात एकदम रिकामे होत नाहीत. पुष्कळ बायकांना मी असंच करायची. शिवकांताने दात खाऊन सगळं सोसलं. एक बांगडी फुटलीच. कौसाबाईंनी तुकडे वेचून पदरात बांधले आणि फुटली म्हणाल्या नाहीत, "वाढली" म्हणाल्या.

वर्षभर गोळ्या झाल्या. शिवकांताला उतार पडेना. भाकरी थापता येत नव्हती. लहान लेकीची वेणी घालता येत नव्हती, ती पोर शेजारणीकडे जाऊन वेणी घालून यायची. शिवकांता फार बोलणारी नव्हती, पण एकदा मला म्हणाली, "मावशी, माझं दुखणं जाऊ द्या. तिच्या डोक्यात दुसऱ्या बाईचे हात फिरत्यात, ते बघवत न्हाई."

डॉक्टरांनी नवं इंजेक्शन द्यायचं ठरवलं, टीएनएफचं तोंड धरणारं. महाग असतं, पण घरच्यांनी जमवाजमव केली. नवरा चांगला होता. द्यायच्या आधी छातीचा एक्स-रे आणि टीबीसाठी रक्ताची तपासणी करतात. दोन्ही चांगलं आलं. डॉक्टरांनी सगळ्यांना विचारतात तेच विचारलं, "घरात कुणाला जुना खोकला? टीबी?"

"न्हाई, न्हाई," कौसाबाई म्हणाल्या. शिवकांताला बोलायला जागाच ठेवली नाही.

इंजेक्शनचा दिवस आला. ते फ्रिजमध्ये असतं. थंडगार टोचलं तर झोंबतं, म्हणून काढून अर्धा तास ट्रेवर ठेवायचं. उन्हात नाही, गरम पाण्यात नाही, नुसतं ट्रेवर. टोचणार सिस्टर, पण तो अर्धा तास माझा. पहिल्या वेळेला माणूस घाबरलेलं असतं, त्याला बोलतं ठेवायचं. कौसाबाई बाहेर बाकावर भुईमुगाच्या शेंगा फोडत बसल्या होत्या. मी नेहमीप्रमाणे शिवकांताला दवंडीची गोष्ट सांगितली. ती लक्ष देऊन ऐकत होती. मग म्हणाली,

"मावशी, दवंडीवाल्याचं तोंड धरलं, आन् मंग खरंच चोर आला तर?"

"म्हणून तर तुझी छाती तपासली. टीबीचा जंतू पुष्कळांच्या अंगात असतो. पहारेकरी त्याला खोलीत कोंडून बसलेले असतात, म्हणून माणसाला काही होत नाही. पण ते पहारेकरी याच दवंडीवर जागे असतात. ती बंद झाली की डुलक्या घेतात, आणि तो कडी काढून बाहेर येतो. आणि नवा जंतू आला तरी दवंडी कोण देणार? तुझ्यात नाही सापडला काही, म्हणून देऊन राहिलेत."

"तपासलं तवा चोर आला नसंल. आन् आता आला आसंल तर?"

मी ट्रे सारखा करत होते तो तसाच ठेवला.

"घरात कोण खोकतंय?"

तिने दाराकडे बघितलं. बाहेर शेंगा फुटल्याचा आवाज येत होता.

"भावजी." म्हणजे तिचा धाकटा दीर, बालाजी. सासूला ती आत्या म्हणायची. "दोन महिने झाले आसतील. वाळून चालले. रातच्याला घामानं कपडे भिजतेत. सरकारी दवाखान्यात थुंकी तपासा म्हणले, तर आत्यानं जाऊ दिलं न्हाई. सुपारी फुटलीया त्यांची. पोरीच्या बापाला कळलं तर सोयरीक मोडंल म्हनत्यात. अक्षता पडू द्या, मंग बघू म्हनत्यात."

"निजतो कुठं?"

"घरात एकच मोठी खोली हाय. आमी समदे तिथंच. माझी लेक त्यांच्याच पांघरुणात शिरती. लई लाड करतेत तिचे."

मी दवाखान्यात जन्म घालवला, मला हे ऐकून रडू आलं नाही, राग आला. कुणावर, ते कळेना. बालाजी चोर नव्हता, आजारी पोरगा होता. कौसाबाई खोटं बोलल्या होत्या, पण लेकाचं घर बसावं म्हणून.

"डॉक्टरांना सांग," मी म्हणाले.

"आत्या मला घरात घेतील का? तुमी इसरा ना मावशी. मी बोललेच न्हाई असं समजा."

"तसं होणार न्हाई. ही सुई तुझ्या पोटात जायच्या आधी कुणीतरी सांगायला पाहिजे. तू सांगितलं न्हाईस तर मी सांगणार. पण तू सांगितलेलं बरं."

"मंग आज इंजेक्शन भेटणार न्हाई."

"आज न्हाई."

"आन् पुन्हा?"

"ते मला ठाऊक न्हाई. मी फरशी पुसणारी बाई. खोटा शब्द देऊ का तुला?"

ती ट्रेवरच्या इंजेक्शनकडे बघत राहिली. ते काही एवढं बघण्यासारखं नसतं, पेनासारखं असतं. मी तिला समजावलं नाही. एकच म्हणाले, "तुझ्या लेकीलाही तोच खोकला लागंल. तिची वेणी घालायला हात पाहिजेत म्हणतीस ना?"

तिने दोन्ही मनगटांनी पदर सावरला, बोटांनी तिला धरता येत नव्हता, आणि सिस्टरला म्हणाली, "डॉक्टरसाहेबांना बोलवा. मला सांगायचंय काहीतरी."

डॉक्टर आले. त्यांनी ऐकून घेतलं. रागावले नाहीत. लेक किती मोठी आहे, तिला ताप, खोकला आहे का, ते विचारलं. मग कौसाबाईंना आत बोलावलं. त्यांना कळायला वेळ लागला नाही. सुनेचं तोंड बघूनच कळलं.

"तुझ्या दोन हातांपायी माझ्या लेकाचं घर मोडलंस, बये!" सगळा दवाखाना ऐकत होता. मग माझ्याकडे वळल्या. "आन् तुमी! बांगड्या काढता काढता पोटातलं बी काढून घेता काय?"

डॉक्टर म्हणाले, "काकू, बरा होणारा आजार आहे. गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात."

"आजार बरा हुईल हो. नाव कसं बरं व्हायचं?"

 जिथं मुलीचा बाप आधी खोकला ऐकतो आणि मग मुलगा बघतो, तिथं ही बाई काही वेड्यासारखं बोलत नव्हती.

ट्रेवरचं इंजेक्शन बाहेर तेच घ्यायला बसलेल्या दुसऱ्या पेशंटला दिलं. शिवकांताच्या डोळ्यांसमोरूनच गेलं ते.  जाताना शेंगांची टरफलं बाकाखाली पडली होती, ती शिवकांता वाकून गोळा करायला लागली. मी म्हणाले, "राहू दे, ते माझं काम हाय."

बालाजीच्या थुंकीत टीबी निघाला. गोळ्या सुरू झाल्या. लहान पोरीला झाला नव्हता, पण तिला आणि शिवकांताला टीबी होऊ नये म्हणून औषध दिलं. आणि सोयरीक मोडली. कौसाबाईंनी झाकायचं ठरवलं होतं, पण बालाजी स्वतः पोरीच्या बापाला जाऊन सांगून आला. त्याने सांगितलं, म्हणून मोडली. हे मला शिवकांताच्या नवऱ्याने सांगितलं. तो औषध न्यायला एकटाच यायचा. मी विचारलं, घरात कसं आहे? म्हणाला, "आई बोलत न्हाई तिच्याशी. ताट वाढून सरकवती, पण बोलत न्हाई." मी विचारलं, भाकरी करतं कोण? "आईच. हिला जमत न्हाई ना."

मला आजही वाटतं की ती सोयरीक मोडायला नको होती. टीबी सहा महिने लपवता येत नाही, पण तेवढ्यात बरा होतो. मुलीच्या बापाने सहा महिने थांबायचं होतं, बस. पण माणसं औषधावर जितका विश्वास ठेवतात त्यापेक्षा जास्त लोकांच्या बोलण्यावर ठेवतात.

ते टीबी अडवायचं औषध महिनाभर पोटात गेल्यावर, पुन्हा सगळं तपासून, डॉक्टरांनी शिवकांताला इंजेक्शन सुरू केलं. चमत्कार वगैरे नाही झाला. पहिल्या खेपांना तर ती म्हणाली, काही फरक नाही. मग एकदा म्हणाली, सकाळी पाण्याचा गडवा उचलता आला. मग एकदा म्हणाली, भाकरी थापते, पण काठ जाड राहतेत. उजव्या हाताची दोन बोटं वाकलेली होती ती वाकलेलीच राहिली. लेकीची वेणी घालायला लागली. पोरीची तक्रार होती की आई सैल घालते.

कौसाबाई त्यानंतर दवाखान्यात आल्या नाहीत. मी नोकरी सोडायच्या वर्षी आल्या.

तो शिवकांताच्या हाताच्या फोटोचा दिवस होता. हाडं आणखी खाल्ली जात नाहीत ना, ते मधून मधून बघतात. खुर्च्यांच्या रांगेत शिवकांता, आणि शेजारी कौसाबाई. दोघींच्या हातात कोपरापर्यंत हिरवा चुडा. मी म्हणाले, "काय कौसाबाई, कुणाचं लगीन?"

"बालाजीचं. झालं चार दिसांखाली." आवाज अजून तसाच. मग जरा खाली आणून म्हणाल्या, "ह्या वक्ताला सुपारीच्या आधी सांगितलं समदं. आजार, गोळ्या, कागद. पोरीचा बाप म्हनला, माझ्या भावाला बी झाला होता."

बस एवढंच. 

सिस्टरने शिवकांताचं नाव पुकारलं. मी पिशवी आणि साबण घेतला. नवा चुडा, चार दिवसांचा. लग्नाचा चुडा इतक्या लवकर उतरवत नाहीत. आता ही बाई पुन्हा मध्ये येणार म्हणून मी तयारीतच होते. एका हातातल्या आधी, मग दुसऱ्या, हे तोंडात घोळवूनच ठेवलं होतं.

कौसाबाई उठल्या. माझ्या हातातला साबण घेतला.

"तुमी ऱ्हाऊ द्या. तुमी ओढता."

बेसिनपाशी उभं करून त्यांनी सुनेचा हात आपल्या हातात घेतला. पिशवी लागली नाही. मनगटाला सूजच नव्हती. थोडासा फेस, आणि बांगड्या एकेक करून उतरल्या. वाकलेल्या बोटांपाशी त्या थांबायच्या, ती बोटं दुसऱ्या हाताने जरा दाबून धरायच्या, मग बांगडी पुढे काढायच्या. काढलेली प्रत्येक बांगडी शिवकांताच्या पदरात टाकत होत्या. एक हात झाला तेव्हा मी म्हणाले, "आता फोटो काढून घ्या, मग ह्या भरा, मग दुसरा हात."

"काहून? दोन्ही संगंच काढते की," कौसाबाई म्हणाल्या आणि दुसऱ्या हाताला साबण लावला.